तेवढी एक अट काढून टाक

सोलापूर
डिसेंबर २०२५

प्रिय सखे,

तुझं लांबलचक पत्र आणि सोबतचा शिष्यवृत्तीचा मसुदा, दोन्ही नीट वाचलं. काकूंच्या नावानं इथल्या मुलींसाठी काहीतरी करायचं तुझ्या मनात किती वर्षांपासून आहे ते मला ठाऊक आहे. मसुद्याच्या माथ्यावर त्यांचं नाव बघून डोळे भरून आले गं. शाळा सुटल्यावर आपल्याला हाक मारून कडक भाकरी आणि वर तेलाची धार सोडलेली शेंगाचटणी खायला घालणाऱ्या काकू! शिकणाऱ्या मुलीच्या पोटात आधी काहीतरी गेलं पाहिजे, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नव्हतं. माझं आजचं सगळं म्हणणं त्यातच आहे, पण तू सविस्तर विचारलंस म्हणून सविस्तर लिहिते.

मसुदा चांगला आहे. फक्त पाचवी अट काढून टाक. 'लाभार्थी विद्यार्थिनीने दरवर्षी किमान शंभर तास समाजसेवा केल्याचे प्रमाणपत्र सादर करावे', ही. तुमच्या तिकडच्या कॅनडातल्या विद्यापीठात शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत नेतृत्वाबद्दल, सेवेबद्दल हमखास विचारतात आणि ते तुला आवडतं, असं तू लिहिलंयस. मलाही आवडतं. इतकी वर्षं मी कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेचं काम मनापासून करतेय. मुलांनी वर्गाबाहेर पडावं, गाव बघावं, दुसऱ्यासाठी राबावं, यावर माझा पक्का विश्वास आहे. तरीही ही अट नको म्हणते.

माझ्या वर्गात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला एक मुलगी आहे. नाव लिहीत नाही. राहते कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत. आपण शाळेत असताना तिकडं नुसतं माळरान होतं, आठवतं? कामगार नेते आडम मास्तरांच्या लढ्यातून विडी कामगार बायकांची दहा हजार घरं तिथं उभी राहिली, २००६ साली बायकांना ताबा मिळाला. आता शेजारी रे नगर झालंय, तिथल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या २०२४ च्या जानेवारीत दिल्या गेल्या. तू येशील तेव्हा तुला मुद्दाम घेऊन जाणार आहे.

तर ही मुलगी. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात भिजवलेलं पान आणि तंबाखू, पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून कात्रीनं कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा गुंडाळून तोंड मुडपायचं. सकाळी कॉलेजला येण्याआधी तासभर ही पोरगी आईला पानं कापून देते. घरात तेलुगू, शेजारी कन्नड, समोरच्या दारात उर्दू, कॉलेजात मराठी आणि सरकारी संकेतस्थळावर निम्मं इंग्रजी. या पाचही भाषांमध्ये तिची ये-जा चालू असते, आणि त्यामुळेच ती त्या गल्लीची सगळ्यात गरजेची माणूस झालीय.

मी एकदा दिवेलागणीला तिच्याकडे गेले होते. उंबऱ्यावर बायका बसलेल्या. प्रत्येकीच्या हातात पिशवी, पिशवीत आधार कार्ड, पासबुक, विडी कार्ड, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, सगळे कागद घड्या पडून पडून मऊ झालेले. पेन्शनवाल्या म्हाताऱ्या बायकांना वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. आयुष्यभर पान कापून आणि दोरा ओढून त्यांच्या बोटांच्या रेषा झिजून गेल्यात, यंत्रावर अंगठा उठत नाही. आता मोबाईलसमोर चेहरा धरूनही दाखला देता येतो. आमची मुलगी एका आजींना दारातल्या उजेडात बसवत होती. पदर थोडा मागं सारला, हनुवटी वर केली, आणि तेलुगूत सांगू लागली, पापण्या मिटा, आता उघडा, परत एकदा. आजी डोळे मिटून तशाच बसायच्या, देवापुढं बसल्यासारख्या. पुन्हा पहिल्यापासून. ती एकदाही वैतागली नाही. दाखला गेल्याचा मेसेज आला तेव्हा आजींनी तिच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि शेजारणीला म्हणाल्या, "आता तू बस."

२०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज निघाले तेव्हा तर त्या उंबऱ्यावर रात्रीपर्यंत रांग असायची. मग त्याचीच ई-केवायसी आली. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या कामगार खात्याची शिष्यवृत्ती मिळते, पहिलीपासून पार व्यावसायिक पदवीपर्यंत. गल्लीतल्या लेकरांचे तेही अर्ज हीच भरते. स्वतःचा अर्ज मात्र शेवटच्या दिवशी, कारण मोबाईल तोपर्यंत दुसऱ्यांच्या कामात अडकलेला.

आता मला सांग, या तासांचं प्रमाणपत्र तिला कोण देणार? गल्लीच्या सही-शिक्क्याचं कार्यालय नसतं. तुझ्या पाचव्या अटीप्रमाणं तिची समाजसेवा शून्य तास भरते. आणि सरकारी शिष्यवृत्तीला पंचाहत्तर टक्के हजेरी लागते, तिथंही तिची ओढाताण. गल्ली तिला सोडत नाही आणि हजेरीपट गल्ली ओळखत नाही.

तू म्हणशील, मग तिनं सेवा योजनेत नाव घालावं, तास आपोआप मोजले जातील. इथंच खरी अडचण आहे, आणि ती बाहेरून दिसत नाही. राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत सुमारे ४० हजार मुलं घेऊन. नियम साधा आहे. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर. शिबिर म्हणजे गावातल्या शाळेत मुक्काम, पहाटे उठून प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी कुणाचं तरी व्याख्यान, घरोघर सर्वेक्षण, रात्री गावकऱ्यांसमोर पथनाट्य. शहरात वाढलेल्या मुलांना तिथं पहिल्यांदा कळतं की टँकरची वेळ चुकली तर घरातल्या बाईचा अख्खा दिवस कसा कोलमडतो. ती मुलं शिबिराहून परत येतात तेव्हा बोलण्यात फरक पडलेला असतो. मी हे डोळ्यांनी बघितलंय, त्यामुळे शिबिराला कुणी नावं ठेवली तर मला सहन होत नाही.

पण शिबिराच्या यादीत कोण नसतं, तेही मी बघते. मेडिकलच्या दुकानात संध्याकाळी उभा राहणारा मुलगा नसतो. गणवेशाच्या कारखान्यात बटणं लावणाऱ्या मुली नसतात. सात दिवस म्हणजे सात रोज बुडणार, आणि मालक आठव्या दिवशी दुसऱ्या कुणाला तरी ठेवणार. "मॅडम, यायचंय की हो, पण घरी सांगायचं काय?" असं म्हणतात आणि नजर खाली घालतात. मग प्रमाणपत्र कुणाला मिळतं? ज्याला सात दिवस परवडले त्याला. सखे, तुझी अट ठेवली तर तुझे पैसे नेमके अशाच मुलींकडे जातील आणि बटणं लावणारी पुन्हा बाहेर राहील. काकूंना हे चाललं असतं का?

पंढरपूर तर आपल्याच जिल्ह्यात. आषाढीला कॉलेजची मुलं दर्शनरांगेत पाणी देतात, चंद्रभागेच्या वाळवंटात कचरा उचलतात, पासष्ट एकरातल्या वारकऱ्यांच्या तळावर उभी राहतात. फार मोलाचं काम आहे. पण आषाढी येते जून-जुलैत. त्याच दिवसांत उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, नॉन-क्रीमीलेअर, प्रवेश, वसतिगृहाचा अर्ज, सगळं एकदम येऊन पडतं. गरीब घरातलं पोर त्या दिवसांत सेतू केंद्राच्या रांगेत असतं. वाळवंटात दिसलं नाही म्हणून त्याला समाजाचं काही वाटत नाही, असा अर्थ कुणी काढू नये एवढंच मला म्हणायचंय.

तुला एक जुनी गोष्ट सांगते, आणि ती सोलापूरचीच आहे. आपल्याला शाळेत कुणी सांगितली नाही. डॉ. आंबेडकरांनी २० जुलै १९२४ ला मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. त्या सभेनं जी पहिली ठोस कामं हातात घेतली त्यात सोलापूरचं वसतिगृह होतं. ४ जानेवारी १९२५ ला ते सुरू झालं, हायस्कुलात शिकणाऱ्या अस्पृश्य समाजातल्या मुलांसाठी. जेवणाचा, कपड्यांचा, वह्या-पुस्तकांचा खर्च सभा करायची. सोलापूर नगरपालिका महिन्याला चाळीस रुपये द्यायची. कारभार बघायचे जिवाप्पा ऐदाळे, जे पुढे मुंबईच्या विधिमंडळात निवडून गेले. आणि त्या वसतिगृहातल्या मुलांनी काय करावं? 'सरस्वती विलास' नावाचं मासिक चालवलं! हायस्कुलातली पोरं, ज्यांना गावात पाणवठ्यावर उभं राहू देत नव्हते, ती आपल्या समाजात वाचनाची आणि सेवेची आवड लागावी म्हणून मासिक काढत होती. यंदा त्या वसतिगृहाला शंभर वर्षं झाली.

मी या गोष्टीचा खूप विचार केलाय. आधी ताट वाढलं, अंगावर कपडा घातला, हातात वही दिली. मासिक त्यानंतर आलं. पोटाची आणि फीची काळजी डोक्यावरून उतरली, तेव्हा ती मुलं आपसूकच दुसऱ्यांच्या काळजीला लागली. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आपण हल्ली उलटं करतो, आधी सेवा दाखव, मग ताट वाढतो म्हणतो.

अटींचंच म्हणशील तर खुद्द बाबासाहेबांची गोष्ट बघ. सयाजीराव महाराजांनी १९१३ साली त्यांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची असा करार. १९१७ साली ते शब्द पाळायला बडोद्याला गेले, आणि अख्ख्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत उतरले तर तिथूनही हाकलून दिलं. दहा वर्षांची नोकरी काही दिवसांतच संपली. करारातली सेवा झाली नाही ती अशी. आणि करारात नसलेली सेवा किती झाली, ते आज तुला कॅनडात बसूनही दिसतंय. महाराजांचं मोठेपण त्या अटीत नव्हतं, वेळेवर दिलेल्या पैशात होतं, असं मला ठामपणे वाटतं.

यंदाच्या सप्टेंबरचं तुला फोनवर अर्धवटच सांगितलं होतं. सीनेला आला तसा पूर आपण लहानपणापासून कधी बघितला नव्हता. सीना, जिच्या कोरड्या पात्रातून आपण चालत पलीकडं जायचो! माढा, मोहोळ, उत्तर सोलापूरची गावं पाण्यात, लांबोटीजवळ पुण्याचा रस्ता बंद, विजापूरचा रस्ता बंद. पाणी ओसरल्यावर आम्ही मुलांना घेऊन गेलो. घरांत गुडघ्याएवढा गाळ. फावडी, घमेली, झाडू, जे मिळेल ते. दोन दिवसांनी माझ्या लक्षात आलं की सगळ्यात जास्त राबणाऱ्यांपैकी एक मुलगा त्याच गावचा आहे. त्याचं स्वतःचं घर गल्लीत शेवटचं होतं. आधी शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याचं घर उपसलं, मग शाळेची खोली, आणि मग आपलं.

त्याच्या घरात लोखंडी पेटी निघाली. आत त्याचे आणि बहिणीचे सगळे कागद, पाण्यानं फुगून एकमेकांना चिकटलेले. आम्ही देवळाच्या ओट्यावर वर्तमानपत्रं पसरली. दहावीची गुणपत्रिका, जातीचा दाखला, बहिणीचा शाळा सोडल्याचा दाखला, एकेक कागद सोडवायचा, वर्तमानपत्राच्या घडीत ठेवायचा, वरून पाटी. काही वाचले, काहींची शाई पार वाहून गेली. दुय्यम गुणपत्रिका पुण्याच्या विभागीय मंडळाकडून काढावी लागते. त्या मुलानं तिथंच वही घेतली आणि गावातल्या कुणाकुणाची गुणपत्रिका गेली, परीक्षेचं वर्ष, बैठक क्रमांक आठवतो का, अशी यादी करायला बसला. कुणी सांगितलं नव्हतं. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा तीच वही पुढं केली. या मुलाला मी नेतृत्वाबद्दल मुलाखतीत विचारलं असतं तर तो बिचारा गप्प बसला असता.

आणि आता दुसरी बाजू, कारण हे सगळं गोड-गोड नाही. गल्लीची कामं करणारी पोरं गल्लीतच अडकून बसतात. विशेषतः मुली. "हुशार आहे, तिला सांग" असं म्हणत घरचे, शेजारचे, नातेवाईक सगळे तिच्यावर टाकत जातात, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशीही कुणाचा तरी ओटीपी यायचा राहिलेला असतो. चांगल्या चांगल्या मुलींचे विषय राहिलेले मी बघितलेत. त्या वेळी "समाजासाठी करतेय ना, करू दे" असं म्हणणारी मोठी माणसं मला आवडत नाहीत. तिचा अभ्यास हाच त्या गल्लीचा सगळ्यात मोठा ठेवा आहे, तो आधी सांभाळला पाहिजे.

त्या कुंभारीच्या मुलीशी मी यावर बरंच बोलले. तिनं काय केलं सांगू? दारावर खडूनं लिहिलं, मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी सात ते आठ. पहिल्यांदा बायका रुसल्या. एक मावशी तर म्हणाली, आता साहेब झाली ही. पण तिनं नेट धरला. आणि नववीतल्या दोन मुलींना शेजारी बसवून शिकवायला लागली. एकीला आता पासबुकाचा फोटो नीट काढता येतो, दुसरी तेलुगूतून कन्नडात सांगते. सहामाहीला ही सगळ्या विषयांत सुटली. काम थांबलं नाही, एकटीच्या डोक्यावरून उतरलं. मी इतक्या कार्यशाळा घेतल्या, त्यात नेतृत्व म्हणजे काय ते मला इतकं नेमकं कधी सांगता आलं नव्हतं.

आता तुझ्या मसुद्याबद्दल. तू फीची रक्कम धरून हिशोब केलायस. अगं, फीचा प्रश्न बराचसा सुटत आलाय. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे, बाकीच्या सवलती आहेतच. अडतं ते रोजच्या खर्चाला. मेसचं बिल, खोलीचं भाडं, बसचा पास, मोबाईलचं रिचार्ज, पुस्तकांच्या झेरॉक्स. आणि शिष्यवृत्तीचा हप्ता उशिरा आला की मधले महिने मुलगी कुठंतरी कामाला लागते. एकदा लागली की तिचे तास गेले, अभ्यासाचेही आणि गल्लीचेही. म्हणून रक्कम थोडी कमी असली तरी चालेल, पण जूनपासून दर महिन्याला, ठरलेल्या तारखेला, तिच्या स्वतःच्या खात्यावर जाऊ दे. वडिलांच्या नाही, भावाच्या नाही.

धनादेश देतानाचा फोटो, हार, समारंभ, यातलं काही ठेवू नकोस. एखादा विषय राहिला तर लगेच बंद करायचं नाही, हेही लिहून टाक. एटीकेटी लागली म्हणून पैसे थांबवले की पुढचं वर्षही हातचं जातं.

आणि तुला सेवेबद्दल जाणून घ्यायचंच आहे, तर अर्जात एक साधा प्रश्न घाल: घरात आणि गल्लीत तुझ्याकडे कोण कोण कशासाठी येतं? बस एवढंच. उत्तर अर्धं पान असो की दोन पानं, तुला हवं ते सगळं त्यात सापडेल. अर्ज मराठीतच ठेव, आणि तेलुगूत किंवा कन्नडात लिहिलं तरी चालेल असं खाली छाप. वाचून दाखवायला माझ्याकडे मुली आहेत.

मसुद्यावर खुणा करून पाठवतेय. पाचवी अट मी पेन्सिलीनंच खोडलीय, कारण पैसे तुझे आणि नाव काकूंचं, शेवटचा शब्द तुझा. तुझं उत्तर आलं की सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर प्राचार्यांशी बोलते. पहिल्या वर्षी किती मुलींना झेपेल ते मात्र नक्की कळव. चार म्हणालीस तर चार. त्या चौघींना तीनही वर्षं पुरेल एवढं आधी बाजूला काढून ठेव, म्हणजे कुणाला मधेच थांबावं लागणार नाही.

तुझी,
सोलापूरची मैत्रीण